आढी मोडू नये

चिकू तयार झाला की नाही, हे डोळ्यांना कळत नाही. आंबा रंग पालटतो, केळीच्या घडावर पिवळी झाक चढते, पेरू वासाने स्वतःच हाक मारतो. चिकू मात्र कोवळा असताना जसा मातकट, तसाच जून झाल्यावरही मातकट. म्हणून बोर्डीकडच्या आमच्या वाड्यांमध्ये फळ उतरवण्याआधी सालीवर नखाने एक हलका ओरखडा काढून पाहतात. सालीखाली हिरवे दिसले, तर फळ अजून झाडाचे. पिवळसर दिसले, तर आपले. लग्नानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात दिनकरने, माझ्या नवऱ्याने, मला हे शिकवले, तेव्हा वृत्त-अलंकारांच्या पुस्तकांतून नुकतीच बाहेर पडलेली मी हरखून गेले होते. एवढ्याशा नखाला एवढी मोठी गोष्ट कळते! पुढे आमची रेवा सहा वर्षांची झाली, तेव्हा तिच्या इवल्या नखाखाली मी फळ धरले. "हळू गं. जखम नाही करायची, नुसतं विचारायचं," असे तिला सांगितल्याचे मला लख्ख आठवते.

यंदा माझे नख फळाला लागत नाही. हात वर जातो आणि सालीपाशी थबकतो.

पौष लागला आहे. सकाळी जमिनीकडून समुद्राकडे जाणारा कोरडा वारा चिकूची पाने खालून उचलतो आणि झाडे क्षणभर फिकी दिसतात. दुपार कलली की तोच वारा सुरूच्या बनातून खारट होऊन माघारी येतो. टाकीपाशी सोमीबाय फळे धूत बसली आहे. तलासरीच्या बाजूच्या एका पाड्यावरून ती पंधरा वर्षे हंगामभर आमच्याकडे येते. उतरवलेल्या चिकूच्या अंगावर कोंड्यासारखी भुरकट पूड असते. ती पाण्यात चोळून काढावी लागते. सोमीबायचे हात पाण्यात असतात आणि जीभ आमच्यावर.

"शेठ, फळं काढलीत का पाडलीत? निम्मी खरचटलीत."

"काठी लांब आहे, सोमीबाय. वाकते."

"काठी लांब नाय, नजर आखूड."

दिनकर हसतो. त्याच्या हसण्याने मी दचकते. गेल्या पौषात या वाडीत कोणी हसत नव्हते, आणि हसणे परत आले याचा अर्थ काय लावावा, हे मला उमगत नाही. टाकीच्या पलीकडे, पेंढ्याच्या ढिगाला लागून, ती खोली आहे. तिच्या दाराला हिरवा रंग आहे. कडीच्या जागी चार भोके आहेत.

ती आमची आढीची खोली. आंब्याची आढी बहुतेकांनी पाहिलेली असते. चिकूचीही तशीच असते. जमिनीवर भाताच्या पेंढ्याचा थर, त्यावर फळे, वर गोणपाट. थंडीत चिकू पिकायला हट्टी, म्हणून खोलीला एकच झरोका आणि त्यातही जुन्या लुगड्याचा बोळा. दार लावून कडी घालायची आणि पाच दिवस तिकडे फिरकायचे नाही. आढी मध्येच मोडू नये, हा इथला नियम आहे. दार उघडले की कोंडलेली ऊब निसटते आणि मग फळ एका अंगाने मऊ आणि दुसऱ्या अंगाने टणक राहते. पुन्हा कितीही दिवस कोंडले तरी ते सावरत नाही. पाचव्या दिवशी दार उघडावे, तर आतला वास अंगावर कोसळतो. गुळाचा, ओल्या मातीचा, किंचित मद्याचा. लहानपणी रेवा त्या वासात डोळे मिटून उभी राहायची आणि म्हणायची, "आई, खोली झोपेतून उठली."

तो वास परवा पुन्हा आला. यंदाची पहिली आढी दिनकरने उघडली. मी तोंडाला पदर लावून स्वयंपाकघरात गेले आणि नळ सोडून उभी राहिले.

रेवा गुजरातच्या सीमेपलीकडच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकत होती. चौघी मुली खोली घेऊन राहायच्या, दर पंधरवड्याला ती घरी यायची. गेल्या वर्षी मार्गशीर्षात ती आली तेव्हा तिच्या गळ्याखालची हाडे खुंट्यांसारखी वर आली होती. बोलायची भरभर, एका वाक्यावर दुसरे वाक्य चढवत, आणि मग दोन दोन दिवस झोपायची. जेवताना घास गिळून झाला तरी दातांवर दात घासले जात. त्या आवाजाला मी नाव शोधत राहिले. वाळूतून फरपटणारा नांगर, जात्यातला शेवटचा दाणा. माझी ही खोडच आहे. एखाद्या गोष्टीला उपमा सापडली की ती गोष्ट मला कळली, असे मला वाटते.

तिच्या हातांवर ओरखडे होते. मनगटापासून कोपरापर्यंत, समांतर, काही ताजे, काही खपली धरलेले. मी ते पाहिले. मी आंधळी नव्हते, एवढे तरी मला म्हणता यावे. पण चिकूच्या वाडीत जन्म काढलेल्या आम्हां माणसांना ओरखडे आणि खाज यांचे एकच कारण ठाऊक: चीक. कच्च्या फळाच्या देठातून पांढरा चीक गळतो, तो वाळला की कातडी ओढली जाते, खाजते. रेवा त्या सकाळी दिनकरबरोबर फळे उतरवायला गेली होती. मी वाटीत खोबरेल घेतले, तिला पायरीवर बसवले आणि एकेका ओरखड्यावर तेल चोळले.  तेल लावता लावता मी तिला बजावलेसुद्धा, "लांब बाह्यांचं घालून जात जा गं."

"हो, आई," ती म्हणाली.

टाकीवरून सोमीबाय बघत होती. रेवा आत गेल्यावर ती हलकेच म्हणाली, "बाय, चिकाची खाज बोटांना सुटते. हिची कोपरापर्यंत कशी चढली?"

"तिची कातडी नाजूक आहे."

"असंल," सोमीबाय म्हणाली आणि पुन्हा पाण्यात हात घातले. त्या 'असंल'मध्ये सगळे होते. मी ते ऐकले नाही. खोबरेलाची वाटी जागेवर ठेवायला निघून गेले.

शेवटी तिनेच सांगितले. लख्ख ऊन होते, मी गच्चीवर तीळ वाळत घालत होते. ती जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभी राहिली आणि म्हणाली, "आई, मी पावडर घेते. आधी परीक्षेत जागायला घेत होते. आता मला थांबवता येत नाहीये." एखादे पाठ केलेले वाक्य म्हणावे, तसे. किती दिवस मनात घोळवले असेल तिने ते! मग ती थांबली. आता आईने काहीतरी म्हणायचे होते.

जगातल्या कुठल्याही आईने काय म्हटले असते, याची मी नंतर पुष्कळ वाक्ये रचली. खरे सांगायचे, तर माझा पहिला प्रश्न होता, "कुणाला कळलंय?"

तिच्या चेहऱ्यावरून काहीतरी उतरले. फळ उतरवल्यावर फांदी वर उचलली जाते, हलकी होते. इथे उलटे झाले. ती खाली वाकली आणि सांडलेले तीळ वेचू लागली.

संक्रांतीला माझी नणंद आशागडहून आली. शोभावन्सं मनाने वाईट नाहीत. फक्त त्यांच्या तोंडाला उंबरा नाही. आल्या आल्या त्यांनी रेवाची हनुवटी धरली. "वहिनी, काय हे! खंगली की पोर. डाएट करते वाटतं? अगं, सासरचे हल्ली वजन बघत नाहीत, हुंडाही नाही घेत, नुसता पगार विचारतात." बायका हसल्या. मीही हसले, आणि म्हणाले, "अभ्यासाचा ताण हो, वन्सं." मी इतके सहज खोटे बोलू शकते, हे मला तेव्हा नव्याने कळले. मग गप्पा गावातल्या कुणा मुलाकडे वळल्या. तो म्हणे व्यसनाला लागला आणि आईबापांनी त्याला अजून घरात ठेवले आहे. वन्सं तिळगूळ चघळत म्हणाल्या, "ठेवायचाच कशाला? एक नासकं फळ अख्खी आढी नासवतं. आपल्याला काय सांगायला हवं?"

रेवा तेव्हा हळदीकुंकवाचे तबक घेऊन माझ्यासमोर उभी होती. तिने माझ्याकडे पाहिले. मी तबकाकडे पाहिले. तबक हलत होते आणि कुंकवाच्या करंड्याचे झाकण बारीक खणखणत होते.

त्या मूर्ख म्हणीने मला निर्णय सुचवला, हे मी आजवर दिनकरलाही सांगितलेले नाही. नासके फळ बाहेर काढून टाकायचे असते, तर मग न पिकलेले? ते कोंडायचे असते. ऊब द्यायची असते. पाच दिवस. तेव्हा हा विचार मला वेडेपणाचा वाटला नाही. शहाणपणाचा, मायेचा, आणि मुख्य म्हणजे आमच्या घरचा वाटला. डॉक्टरकडे न्यायचे तर डहाणूत कोणीतरी ओळखीचे भेटणारच. मी शाळेत शिकवते; माझे जुने विद्यार्थी या पट्ट्यात सगळीकडे आहेत. औषधाच्या दुकानात, बसच्या दारात, दवाखान्याच्या खिडकीत. खोली मात्र आमची होती. हंगामातली एक आढी नुकतीच रिकामी झाली होती. मी पेंढा बदलला, वर गादी घातली, पाण्याची कळशी ठेवली, तिची आवडती गोधडी ठेवली. झरोक्यातला बोळा थंडी वाजेल म्हणून तसाच राहू दिला.

"पाचच दिवस, रेवू," मी म्हणाले. ती आत गेली. स्वतःच्या पायांनी गेली. आईला काहीतरी ठाऊक असेल, असे तिला वाटले असावे.

पहिल्या दिवशी ती गाणी म्हणत होती. दुसऱ्या दिवशी ताट भिंतीवर आपटले. संध्याकाळी मी दूध घेऊन दार उघडले, तेव्हा मला ढकलून ती फाटकापर्यंत धावली. दिनकरने तिला उचलून परत आणले, तेव्हा तिचे पाय हवेत चालत होते. दिनकर दाराबाहेर खाली बसला. त्याच्या दंडावर तिचे दात उमटले होते. "आता नको उघडूस," तो म्हणाला. "उघडलं की परत पहिल्यापासून." म्हणजे तोही आढीचाच हिशेब मनात धरून होता. आम्ही दोघे, पंचवीस वर्षे फळे पिकवणारी माणसे, त्या हिरव्या दारासमोर बसून आपल्या मुलीच्या पिकण्याची वाट पाहत होतो.

तिसऱ्या दिवशी सकाळी आत शांतता होती. मी दाराला कान लावला. काही नाही. मला बरे वाटले. हे मला लिहिलेच पाहिजे: मला बरे वाटले. मी केस विंचरले, इस्त्रीची साडी नेसले आणि शाळेत गेले. आठवीच्या वर्गात लघू आणि गुरू शिकवले. ऱ्हस्व अक्षराला एक मात्रा, दीर्घाला दोन; मुले बाकांवर बोटे वाजवत होती. एक मुलगी अडखळली, तेव्हा मी तिचे बोट धरून ताल दिला, जसा मी रेवाला देत असे. तेच बोट, तेवढेच. खिडकीतून समुद्र दिसत होता, ओहोटीचा, लांब गेलेला, आणि मी त्या मुलीला म्हणाले, "घाई करू नकोस. अक्षराला त्याचा वेळ दे."

त्या वेळी सोमीबायने दार उघडले होते.

दिनकर वरच्या वाफ्यात होता. सोमीबाय पेंढा न्यायला त्या बाजूला गेली. मागाहून तिने मला सांगितले, "बाय, पिकल्याचा वास येगळा आन् आंबल्याचा येगळा. तुमच्या दाराखालनं आंबल्याचा येत होता." तिने कडी काढली. रेवा दाराच्या चौकटीला टेकून बसलेली होती. दार उघडताच ती सोमीबायच्या पायांवर पडली. उलटीने माखलेली, ओठ निळसर, अंग गार. कळशी कलंडली होती, पेंढ्याने सगळे पाणी पिऊन टाकले होते. किती वेळापूर्वी, कुणास ठाऊक. सोमीबायने आधी झरोक्यातला बोळा ओढून काढला, मग तिला उचलून उन्हात आणले आणि टाकीच्या पाण्याने तिचे तोंड धुतले, फळ धुवावे तसे, अंगठ्याने, हलक्या हाताने. मी फाटकातून आत आले तेव्हा हे चालले होते. माझ्या हातात वह्यांचा गठ्ठा होता. सोमीबायने वर पाहिले. ती माझ्यावर ओरडली असती तर बरे झाले असते.

"जिती आहे," ती म्हणाली. "गाडी बोलवा."

डहाणूच्या दवाखान्यात सलाईनच्या थेंबांकडे पाहत मी बसून राहिले. एक लघू, एक लघू, एक लघू. तिथून आम्हांला मसोलीतल्या एका डॉक्टरीणबाईंकडे पाठवले. त्यांनी सगळे ऐकून घेतले. दिनकर रडला, मला रडू आले नाही. त्या म्हणाल्या, "ताई, हा आजार आहे. कुलूप हे याचं औषध नाही. अजून दोन तास कुणी दार उघडलं नसतं, तर आपण आज हे बोलत बसलो नसतो." मग म्हणाल्या, "दार उघडं ठेवा आणि दारात तुम्ही असा. याहून कठीण काम मी तुम्हांला सांगू शकत नाही." मी मान हलवली. ते किती कठीण असते, हे मला तेव्हा कुठे माहीत होते!

त्यानंतर वर्ष गेले. कसे गेले, ते सांगताना क्रम हाती लागत नाही. नाशिककडच्या एका केंद्रात ती तीन महिने राहिली. परत आली तेव्हा गाल भरले होते, आणि ज्येष्ठात ते पुन्हा बसले. आजीने दिलेल्या कुड्या समुद्रात पडल्या, असे तिने सांगितले. मी म्हणाले, "बरं." बोर्डीच्या वाळूत मी आणि दिनकर ओहोटीच्या रेषेवरून चाललो, खाली पाहत, जणू कुड्या खरोखरच पडल्या होत्या; त्या विकल्या गेल्याचे दोघांनाही ठाऊक होते, आणि दोघेही एकमेकांसाठी शोधत होतो. श्रावणात ती दुसऱ्यांदा केंद्रात गेली. दिवाळीला आली. कार्तिकात चार दिवस तिचा पत्ता नव्हता. पाचव्या दिवशी उंबरगावच्या फलाटावर एका बाकावर सापडली, अनवाणी. प्रत्येक वेळी ती म्हणते, "आई, आता शेवटचं." खोटे बोलत नाही ती. त्या क्षणी ते पूर्ण खरे असते, हेच तर भयंकर आहे. माझा विश्वास आता एका अंगाने मऊ आणि दुसऱ्या अंगाने टणक झाला आहे. कितीही ऊब दिली तरी तो पुन्हा सारखा होईल, असे वाटत नाही.

तिने मला त्या तीन दिवसांबद्दल कधी बोल लावला नाही. एकदाच, भाजी निवडताना, म्हणाली, "मी ओरडत नव्हते शेवटी. आवाज संपला होता. मी नखाने दार ओरखडत होते. वाटलं, तुला कळेल."

त्या दुपारी मी स्क्रू काढायचे हत्यार घेऊन गेले आणि कडी काढली. चार स्क्रू, गंजलेले. शेवटचा निघताना माझ्या तळहाताची कातडी घेऊन निघाला. मग मी दार आतून लावून पाहिले. हिरव्या रंगावर, जमिनीपासून वीतभर उंचीवर, ओरखडे होते. समांतर. रंगाखालचे लाकूड पिवळे दिसत होते.

मी तिथेच बसून राहिले. त्या ओरखड्यांना मी उपमा शोधली नाही.

आज सकाळी दिनकर फळांचे क्रेट टेम्पोत घालून डहाणू रोडला गेला. जाताना सोमीबाय त्याला म्हणाली, "शेठ, येताना भजी आणा. फळं खाऊन खाऊन तोंड गोड झालंय, जरा तिखट होऊ दे." रेवा ओट्यावर बसून ऐकत होती. हसली. सत्तावीस दिवस झाले आहेत तिला. आम्ही ते मोजत नाही, असे एकमेकांना दाखवतो.

टेम्पोचा आवाज विरल्यावर थोड्या वेळाने ती माझ्याकडे आली. फोन मुठीत होता. जबडा हलत होता. तोच वाळूचा आवाज.

"आई. त्याचा, पावडर देणाऱ्याचा, फोन आला होता. तलासरीच्या फाट्यावर आलोय म्हणाला. इथून रिक्षाने अर्धा तास."

"मग?"

"मग काय मग! मला आत घाल."

"कुठे?"

"खोलीत. बाहेरून कडी लाव. मी काही बोलले तरी उघडू नकोस."

ती माझ्यापुढे चालत गेली. दाराशी पोहोचली, हात कडीच्या जागेवर गेला आणि चार भोकांवर थांबला. तिने एकेका भोकात बोट घालून पाहिले.

"कडी?"

"मी काढली."

"का?" तिचा आवाज फुटला. "का काढलीस? आज हवी होती ना मला! तेव्हा लावलीस आणि आज काढलीस!"

मी डॉक्टरीणबाईंना फोन लावला. तो वाजत राहिला, कोणी उचलला नाही. मग मी तिला घेऊन आत गेले. खोलीत नवी आढी आहे, दिनकरने काल घातलेली. पेंढ्याचा कोरडा वास, गोणपाट, त्याखाली टणक फळे. झरोका उघडा आहे आणि त्यातून उन्हाची एक पट्टी येते. मी दार लोटले आणि आतून दाराला पाठ लावून जमिनीवर बसले. ओरखडे नेमके माझ्या पाठीशी आले.

"ही कडी," मी म्हणाले. "तू ऊठ म्हटलंस की उठेन."

"नको. मी म्हणेन. नक्की म्हणेन. तरी उठू नकोस."

"उठेन, रेवू."

"आई, प्लीज."

"मागच्या वेळी नाही उघडलं. आता तू म्हणशील तेव्हा उघडेन. माझ्याकडे दुसरं काही नाही."

ती माझ्यासमोर बसली. फोन माझ्या मांडीवर टाकला. तो पुन्हा पुन्हा थरथरत होता, माशी उलटी पडावी तसा. किती वेळ गेला ते उन्हाच्या पट्टीवरून कळत होते. पट्टी पेंढ्यावरून तिच्या गुडघ्यावर चढली. रेवाला घाम फुटला होता. ती हात ओरखडू लागली, तेव्हा मी तिचे हात माझ्या हातात घेतले आणि तिची नखे माझ्या मनगटात रुतली. मी हात सोडवला नाही. बाहेर टाकीवर पाणी वाजत होते. एकदा तिने डोके माझ्या खांद्यावर टेकले, आणि लहानपणीच्या आवाजात विचारले, "ही आढी कधी उघडायची?" मी म्हणाले, "काल घातली." "म्हणजे चार दिवस," ती म्हणाली.

आणि मग, अगदी हळू, ती म्हणाली, "ऊठ."

मी तिच्याकडे पाहिले.

"ऊठ ना, आई."

माझी पाठ दाराला चिकटून होती. सगळे अंग म्हणत होते, उठू नकोस. इथेच वाळून जा, लाकूड हो, पण उठू नकोस. तिनेच सांगितले होते, उठू नकोस म्हणून. कुठली रेवा खरी? तासापूर्वीची की आत्ताची? नख लावून पाहता येईल असे माणसाला साल नसते.

"ऊठ! तू म्हणाली होतीस. तू म्हणाली होतीस!"

मी उठले.

तिने दार ओढले. ऊब निसटली, ती माझ्या चेहऱ्यावरून बाहेर गेल्याचे मला जाणवले. आढी मोडली. रेवा उंबऱ्यावर उभी राहिली, ऊन डोळ्यांवर घेत. "मागे येऊ नकोस," ती म्हणाली, मागे न पाहता.

फोन पेंढ्यात पडून आहे. पण फाट्याचा रस्ता तिला फोनशिवायही पाठ आहे.

ती गेली त्या बाजूला, पेंढ्याच्या ढिगाआड, मला दिसत नाही तिथे, वाट दोन दिशांना फुटते. एक टाकीकडे, सोमीबायपाशी जाते. दुसरी फाटकाकडे. दोन्हींवर चिकूची वाळकी पाने सारखीच पसरलेली आहेत, आणि पावलांचा आवाज दोन्हींवर सारखाच येतो. फाटकाचे बिजागर मात्र करकरते. दिनकर त्याला तेल घालायला निघाला होता, तेव्हा मीच घालू दिले नाही. मी उघड्या दारात उभी आहे. मनगटावर तिच्या नखांचे चार ओरखडे आहेत. टाकीवरचे पाणी आता वाजत नाही. पानांवरची पावले थांबली आहेत.

फाटक अजून वाजलेले नाही.